खांदेरीचा वेताळ देव आहे, त्याला भूत कशाला करता?

दर्याकिनारी
गेल्या रविवारी अलिबागजवळच्या थळच्या बंदरावरून होडीने खांदेरी बेटावरच्या किल्ल्याला गेलो. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांतला हा एक, त्यामुळे हल्ली वर्दळ वाढलीय. आमच्याच होडीत एक रीलवाला पोरगा होता. वेताळाच्या देवळापुढे उभा राहून कुजबुजत्या आवाजात सुरू झाला, "मित्रांनो, या बेटावर रात्री माणूस टिकत नाही..." अरे बाबा, तुझ्या पाठीमागे दीपगृह दिसतंय ना? 1867 चं आहे ते. तो दिवा राखणाऱ्यांनी रात्री काय पाण्यात काढल्या?

वेताळ हा तिथल्या कोळ्यांचा राखणदार. त्याला नारळ दिल्याशिवाय कित्येकांची होडी दर्यात जात नाही. आणि रात्रीच्याच गोष्टी हव्यात ना? 1679 ची सांगा. शिवाजी महाराजांच्या हुकमावरून त्यांच्या आरमाराचा सरदार मायनाक भंडारी दीडशे माणसं घेऊन बेटावर उतरला आणि मुंबईकर इंग्रजांच्या नाकासमोर तट चढवायला लागला. इंग्रजांनी गलबतं आणून वेढा घातला, तरी अंधारात लहान लहान होड्या रसद घेऊन आत शिरतच राहिल्या. खांदेरीभोवती रात्री हलत होतं ते हे. यापुढे हडळ फिकी.

आजोळ वेंगुर्ला
इतिहास मान्य, पण वेताळातून भूत वेगळं कसं काढणार? तो भुतांचाच राजा. आमच्याकडे अवसेच्या रात्री वेताळाची पालखी फिरते म्हणून आजी दिवेलागणीलाच खिडक्या लावून घ्यायची. लांब कुठे पलिता हलला की आम्ही पोरं गोधडीत. आरवलीच्या वेतोबाला तर हातभर लांब चपला वाहतात. त्या झिजतात, कारण देव रात्रभर गावाची राखण करत फिरतो! ही गोष्ट भीतीची की भक्तीची, तुम्हीच सांगा. मला लहानपणी दोन्ही एकदमच वाटायचं. तुमच्यासारखी धुऊनपुसून घेतली तर देवळात नुसता रंगवलेला दगड उरेल.

तिसरा डोळा
दगडच आहे तो. खांदेरीच्या वेताळाची 'शिळा दरवर्षी वाढते' म्हणतात. वाढणारच, दरवर्षी रंगाचा नवा हात बसतो ना! तिथला तो दुसरा खडक, ठोकला की धातूसारखा वाजणारा, त्यातही चमत्कार नाही. खडक मोजक्या जागी टेकलेला असला की घंटेसारखा मोकळा थरथरतो. लाटांवरचा निळा उजेड? नॉक्टिल्युका नावाचा सूक्ष्म जीव, पाणी ढवळलं की चमकतो. 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला तरी आपण अजून पालखीच बघतोय.

आजोळ वेंगुर्ला
@तिसरा डोळा, तो कायदा नरबळी आणि अघोरी प्रथांसाठी आहे, आजीच्या गोष्टींसाठी नाही. तिला आत टाकायचंय का? आणि खडक का वाजतो हे कळलं म्हणून तुम्ही तो ठोकायचे थांबलात का? लोकांनी ठोकून ठोकून त्याला खळगे पाडलेत. त्यातला एखादा तुमचाही असेल.

तिसरा डोळा
ठोकला. दोनदा. पण हात जोडले नाहीत.

नाखवा
मी थळचा. तुमच्या वादात पडत नाही, पण दोन गोष्टी बोलतो. रंगाचं गणित आम्हालाही कळतं हो, रंग आम्हीच देतो. तरी वाढते म्हणतो. पोरगं वाढलं म्हणताना कोण टेप लावून बसतं? दुसरं, बाप होता तोवर खांदेरी-उंदेरीच्या मधून जाताना होडीत कुणी शिवी दिलेली चालायची नाही. आम्ही पोरं समजायचो वेताळ ऐकतो. पुढे मी सुकाणू धरलं तेव्हा कळलं, तिथे खडक आहेत आणि ओढही आहे. चार माणसं तोंड मिटून पुढे बघत बसली तर बरं असतं. म्हणजे वेताळ खोटा असं नाही हां. मीही अजून शिवी देऊ देत नाही.

रीलवाल्यांचा राग मला भुतामुळे येत नाही. चपला घालून आत शिरतात, त्याचा येतो.

दर्याकिनारी
नाखवा, हे बरोबर बोललात. मी भुतावर उगाच घसरलो. आजींच्या गोष्टीला माझी हरकत नाही; ती खिडकी लावायची ते पोरांसाठी, लाइकसाठी नव्हे.

तिसरा डोळा
त्या पोराचं काय झालं पुढे?

दर्याकिनारी
परतीला होडीवाल्याने सरळ विचारलं, "काय रे, राहतोस का आज इथेच? सकाळी न्यायला येतो." पोरगा म्हणाला, "नको काका, चार्जिंग संपलंय."