भेगा आपोआप बुजवणारे साहित्य आपल्या गच्चीवर टिकेल का?

राजारामपुरीकर (मूळ धागा):
आमच्या गच्चीवर उष्णता अडवण्यासाठी पीयू (पॉलियुरेथेन) या प्लास्टिकचा फोम फवारून वर सिमेंटचा थर दिला होता. त्या थराला केसाएवढ्या भेगा पडल्या, पाणी आत उतरले आणि यंदाच्या चैत्रात वरची खोली पूर्वीसारखीच तापली. उष्णता अडते ती फोममध्ये कोंडलेल्या वायूमुळे, आणि पाण्यातून ती स्थिर हवेच्या वीस पटींहून अधिक सहज वाहते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाच्या हेन्क योन्कर्स यांनी काँक्रीटमध्ये जिवाणूंचे सुप्त बीजाणू व त्यांचे खाद्य म्हणून कॅल्शियम लॅक्टेट हा क्षार मिसळला. भेगेतून पाणी आले की बीजाणू जागे होतात आणि सुमारे ०.८ मिमीपर्यंतची भेग चुनखडीने बुजवतात. महाग असले, तरी वरच्या थरासाठी हेच वापरावे, असे माझे मत आहे.

कोबाप्रेमी:
मला हे पटत नाही. जिवाणू जागे होतात तेच मुळी पाण्याने. भेग बुजायला काही आठवडे लागतात आणि आपल्याकडचा आषाढ तेवढी सवड देत नाही. शिवाय स्लॅब दुपारी प्रसरण पावतो व रात्री आकसतो, त्यामुळे ठिसूळ चुनखडीने सांधलेली भेग पुन्हा उघडते. भेगा बुजवण्याचा गुण चुन्यात जुनाच आहे. रोमन काँक्रीटमधील चुन्याचे पांढरे खडे हेच काम करतात, असे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवले. मग चुन्यातला वीटतुकड्यांचा कोबा काय वाईट?

राजारामपुरीकर:
सवडीचा मुद्दा मान्य आहे. परंतु चार इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला दीड-दोनशे किलो भरते, जुना स्लॅब ते पेलेलच असे नाही, आणि भिजलेला कोबाही पाणी धरूनच ठेवतो (आमच्या शेजाऱ्यांच्या छताची ओल दिवाळीपर्यंत हटत नाही).

एक स्थापत्य अभियंता:
दोघेही सिमेंटच्याच थरावर अडला आहात. हलत्या भेगेला लवचीक पडदाच हवा. इलिनॉय विद्यापीठात २००१ साली पॉलिमरमध्ये (प्लास्टिकसारख्या पदार्थात) सांधणाऱ्या द्रवाने भरलेल्या सूक्ष्म कुप्या घालून तडा सांधण्याचा प्रयोग झाला, पण कुपी एकदा फुटली की त्या जागी दुसऱ्यांदा उपयोगाची नसते. त्यापेक्षा थरांचा क्रम उलटा करा: स्लॅबवर जलरोधक पडदा, त्यावर पाणी जवळजवळ न शोषणारे एक्सपीएसचे (दाट पॉलिस्टायरीन फोमचे) उष्णतारोधक तक्ते आणि वर फरशी. पडदा उन्हापासून वाचतो व भेगाही कमी पडतात. तत्पूर्वी गच्चीचा एक चौरस फूट फोडून फोम किती भिजला आहे ते पाहा. ओल्या फोमवर कोणताही नवा थर घालू नका.