हिवाळ्यात परदेशातली प्राणिसंग्रहालयं आणि मत्स्यालयं बघायचीत, कुठे जावं?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आमची लेक चौथीत आहे. तीन वर्षांची असताना तिला आपल्या कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचं म्युझियम दाखवायला नेलं, तर पेंढा भरलेला वाघ बघून "हा हलत का नाही?" म्हणून तिथेच भोकाड पसरलं. तेव्हापासून हलणारे प्राणी दाखवणं हे आमच्या घरचं कर्तव्य होऊन बसलंय. कात्रज तीनदा झालं, राणीच्या बागेतले पेंग्विन झाले, म्हैसूर झालं. आता तिचं म्हणणं असं, की जगातला सगळ्यात मोठा मासा बघायचा. म्हणजे व्हेल शार्क. देवमासा हा मासा नसतो हे ती मला दिवसातून दोनदा सांगते.

नाताळच्या सुट्टीला जोडून सहा-सात रात्री काढता येतील. माणसं चार: आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. त्यांचं वय ६८, गुडघे बोलतात, जेवण पूर्ण शाकाहारी. कंपनीच्या बसमधून झेंड्यामागे धावायचं नाही, एवढं नक्की ठरलंय. सिंगापूर, दुबई की जपान, यावर घरात तीन दिवस खल चालू आहे.

भडंग_आणि_चहा

ताई, डोळे झाकून दुबई. डिसेंबरात हवा झकास असते. उन्हाळ्यात जी सफारी पार्क बंद ठेवतात तीसुद्धा तेव्हा चालू असते. दुबई मॉलमधल्या मत्स्यालयाची टाकी एक कोटी लिटरची आहे आणि तिची पुढची काच मॉलच्या रस्त्यावरूनच दिसते, फुकट! आम्ही तिकीट काढून बोगद्यातून गेलो खरे, पण आमची आई बाहेर बाकावर बसून तासभर तेच मासे बघत होती. म्हणाली, "पैसे देऊन तुम्ही वेगळं काय बघितलं?" उत्तर सुचलं नाही.

वेळ असेल तर एक दिवस अल ऐनला जा. तिथलं प्राणिसंग्रहालय १९६८ चं आहे. अरबी ओरिक्स हा पांढरा, लांब शिंगांचा प्राणी १९७२ मध्ये रानातून पार संपला होता. पिंजऱ्यांत जपलेल्या कळपांतून १९८२ मध्ये ओमानात तो पुन्हा सोडला. लेकीला ही गोष्ट आधी सांगून मग प्राणी दाखवा, फरक पडतो.

संथ_पंचगंगा

मी नऊ वर्षं सिंगापुरात होतो, त्यामुळे माझं मत तिकडे झुकणार हे आधीच कबूल करतो.

आधी व्हेल शार्कचा निकाल लावू. तो सिंगापुरात नाही, दुबईच्या मॉलमध्येही नाही. तो बघायचा तर जपान: ओसाकाचं काइयुकान किंवा ओकिनावाचं चुराउमी मत्स्यालय. तिकडची माहिती देणारे इथे आहेत, ते लिहितीलच. मी बाकीचं सांगतो.

सिंगापुरात मंडाई नावाच्या भागात सगळं एकाला एक लागून आहे. मूळ प्राणिसंग्रहालय १९७३ चं, नाइट सफारी १९९४ ची, मग नदीतल्या जिवांचं रिव्हर वंडर्स आणि २०२३ मध्ये उघडलेलं बर्ड पॅराडाइज. जुनं जुरोंग पक्षी उद्यान बंद करून पक्षी इथे आणले. मत्स्यालय मात्र दुसऱ्या टोकाला, सेंटोसा बेटावर. जुनं मत्स्यालय तिपटीने वाढवून जुलै २०२५ मध्ये सिंगापूर ओशनेरियम या नावाने उघडलंय. मंडाई उत्तरेला, सेंटोसा दक्षिणेला. हे दोन्ही एका दिवसात बसवू नका. बसतं, पण माणूस बसत नाही.

प्राणिसंग्रहालय सकाळी उघडतं तेव्हाच गाठा. तिथे जाळ्या-गज कमी आहेत. खंदक, पाणी, उंचवटा अशा आडोशांनी प्राणी आणि माणूस वेगळे ठेवलेत (पन्हाळ्याच्या माणसाला ही कल्पना लगेच कळेल). ओरांगउटान डोक्यावरच्या दोरांवरून ये-जा करतात. लांब नाकाची प्रोबोसिस माकडंही आहेत, ती बघून आमची मुलं पोट धरून हसली होती. साडेअकरानंतर उकाडा चढतो आणि प्राणी सावलीला आडवे होतात. तेव्हा ते बघण्यात अर्थ नाही, बाहेर पडा. दुपारी आजींना झोपू द्या. संध्याकाळी सव्वासातला नाइट सफारी सुरू होते, प्रवेशाची वेळ ऑनलाइन ठरवून घ्यावी लागते. ट्राममध्ये बसून अंधारातून फिरायचं, प्रकाश चांदण्याइतकाच. फ्लॅश मारायचा नाही. तरी कोणीतरी मारतोच, आणि तो बहुतेक वेळा आपल्याच देशाचा असतो.

रिव्हर वंडर्समध्ये घाई करू नका. पूर आलेल्या ॲमेझॉनच्या जंगलाची एक मोठी टाकी आहे, तिच्यात मॅनाटी आहेत. पाण्यातली म्हैसच म्हणा. पुढ्यात बसायला जागा आहे आणि आत थंड आहे. माझी बायको तिथे पाऊण तास बसून होती. मी पांडा बघून परत आलो तरी जागची हलली नव्हती. म्हशीवर कोल्हापूरकराचा जीव असायचाच.

रंकाळाकाठ

दादा, किती नीट लिहिलंत! एकच शंका. डिसेंबरात तिकडे पाऊस असतो ना? आजींना छत्री आणि काठी दोन्ही कशी सांभाळायची?

संथ_पंचगंगा

असतो. ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस, डिसेंबर-जानेवारीत जोरात. पण आपल्याकडच्या श्रावणझडीसारखा चिकटून बसत नाही. बऱ्याचदा दुपारी धो-धो कोसळतो आणि उघडतो. म्हणून म्हटलं, उघड्यावरचं सकाळी आणि छताखालचं दुपारी. ज्या दिवशी सकाळपासूनच आभाळ गच्च असेल तो दिवस मत्स्यालयाला द्या. त्यामुळे मत्स्यालयाचं तिकीट तारखेला बांधून घेऊ नका. फेब्रुवारीत पाऊस ओसरतो, पण शाळेचं काय कराल?

चाकाची खुर्ची मागा, लाजू नका. "मी काय आजारी आहे का?" असं आजी म्हणणार. त्याला उत्तर: ट्राम चुकली तर चालावं लागेल.

खिद्रापूरचा_खांब

ओसाकात दोन वर्षं काढली आहेत, तर व्हेल शार्कचं माझ्याकडे.

काइयुकान १९९० चं आहे. मधोमध पॅसिफिक महासागराची ५,४०० टन पाण्याची आणि नऊ मीटर खोल टाकी. आधी सरकत्या जिन्याने आठव्या मजल्यावर जायचं आणि मग त्या टाकीला वळसे घेत उताराने खाली यायचं. तोच व्हेल शार्क वरून दिसतो, मधून दिसतो, शेवटी पोटाखालून दिसतो. गुडघ्यांना चढ नाही. सगळं बंदिस्त, त्यामुळे बाहेर थंडी असली तरी फरक पडत नाही.

चुराउमी त्याहून भव्य आहे. काच २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर जाड. जिंता नावाचा व्हेल शार्क तिथे १९९५ पासून आहे, म्हणजे या धाग्यावरच्या काहींपेक्षा वयाने मोठा. पण ओकिनावातल्या नाहा शहरातून गाडीने दोनेक तास, वर वेगळं विमान. सहा रात्रीत आजींना घेऊन मी तरी करणार नाही.

आता वाईट बातमी. एक, वर्षअखेरीला जपान सुट्टीवर जातो. ओसाकाचं तेन्नोजी आणि टोकियोचं उएनो ही दोन्ही प्राणिसंग्रहालयं २९ डिसेंबर ते १ जानेवारी बंद असतात, एरवी सोमवारी बंद. दोन, शाकाहार. भाजीच्या साध्या सूपमध्येसुद्धा सुक्या माशाचा अर्क असतो. समोरचा माणूस अत्यंत नम्रपणे "मांस नाही" सांगतो, कारण त्याच्या हिशेबात मासा म्हणजे मांस नव्हे. माझ्या आईने आठ दिवस दहीभात आणि मेतकुटावर काढले.

लेक मोठी झाली की होक्काइदोच्या असाहियामा प्राणिसंग्रहालयात न्या. तिथे बर्फ पडल्यावर राजपेंग्विनना रोज फिरायला काढतात. थंडीत ते आळसावतात, म्हणून व्यायाम. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं आणि मधून ही वरात. पण ते असाहिकावा शहर म्हणजे १९०२ च्या जानेवारीत उणे ४१ अंश नोंदवलेलं गाव आहे. महाबळेश्वरला घालायचा स्वेटर तिथे रुमालासारखा वाटतो.

लोड_घेऊ_नगा

थायलंडचं कोणच काय बोलंना! बँकॉक आणि पटायाच्या मधे खाओ खेव म्हणून उघडं प्राणिसंग्रहालय आहे. ती मू डेंग, पिग्मी पाणघोड्याचं पिल्लू, जुलै २०२४ ला जन्मली ती तिथलीच. गर्दी एवढी झालती की पाच-पाच मिनिटं बघून पुढं व्हायला लावत होते. आत फिरायला गोल्फगाडी भाड्यानं मिळती, आजी राणीसारख्या बसतील. डिसेंबरात हवा बी कोरडी. आणि खर्च सिंगापूरपेक्षा लई कमी. नावाचा अर्थ मात्र आजींना सांगू नगा, डुकराच्या मांसाचा गोळा असा हाय.

गवा_रस्त्यावर_आला

विरजण घालायचं नाही, पण एक बघा. जिथे डॉल्फिन उड्या मारतात, हत्ती चित्रं काढतात, वाघासोबत फोटो मिळतो, ती तिकिटं घेऊ नका. आपल्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळायचे, साठमारीत हत्ती झुंजवायचे. आपण ते अभिमानाने सांगतो. त्या चित्त्यांचं देशात पुढे काय झालं आणि २०२२ मध्ये नामिबियाहून का आणावे लागले, हेही लेकीला सांगा. आणि परत आल्यावर दाजीपूरला गवे दाखवा. ते न दाखवता पाणघोडा बघायला विमान पकडणं मला पटत नाही.

रंकाळाकाठ

गवे झालेत हो, दोनदा. एकदा तर दाजीपूरला न जाताच झाले, आमच्या भावजींच्या उसात!

तांबडा_की_पांढरा

माझा एक चटका सांगतो. एका एजंटने (नाव घेत नाही) आम्हाला सिंगापूरच्या चार ठिकाणांची एकत्र तिकिटं गळ्यात मारली. तिथे गेल्यावर कळलं की दोन ठिकाणांची वेळ एकाच दिवशीची. फोन केला तर म्हणे, "टॅक्सीने धावत करा, होतंय." नाइट सफारीच्या ट्राममध्ये आमची दोन्ही पोरं झोपली. मीपण झोपलो. बायकोने एकटीने बिबट्या बघितला आणि अजून ऐकवते. पक्षी आणि नाइट सफारी वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

व्हिसा मात्र सिंगापूरला अधिकृत एजंटामार्फत होतो. आणि पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन आगमन कार्ड भरायचं असतं, ते फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या वेबसाइट आहेत, बळी पडू नका.

मुंबईला विमानाच्या आदल्या दिवशी पोचा. रस्त्याचं काम कुठे चालू असेल आणि कुठे तुंबेल याचा नेम नाही. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघून दिवसभर मुंबईत पडणं परवडतं. सगळ्यांचे पासपोर्ट आजच काढून बघा, सहा महिने शिल्लक लागतात.

चुलीवरची_भाकरी

आजींच्या जेवणाचं सांगते. सिंगापुरात लिटल इंडियाजवळ राहायला घ्या. इडली, डोसा, थाळी सगळं पायाखाली आहे आणि मेट्रोही. मंडाईला जायला खातीब स्टेशनवरून बस सुटते. बाकी चिवडा घ्याच, पण हँडबॅगेत लोणच्याची बरणी नको. आमची सुरक्षा तपासणीत गेली, वर्षाचं लोणचं होतं.

रंकाळाकाठ

मंडळी, मनापासून धन्यवाद. काल रात्री सगळा धागा घरात मोठ्याने वाचून दाखवला.

सासूबाई पावसाच्या प्रतिसादापाशी थांबवून म्हणाल्या, "मी गगनबावड्याची. दुपारी एक सर येती म्हणून तुम्ही सिंगापूर रद्द करताय?" झालं, निर्णय लागला. चाकाच्या खुर्चीवर मात्र एकमत झालेलं नाही.

तर सिंगापूर, सहा रात्री. मंडाईला तीन सकाळी, नाइट सफारीला वेगळी संध्याकाळ, मत्स्यालय पावसाच्या दिवसासाठी राखीव. मॅनाटीसमोर पाऊण तास लिहून ठेवलाय. लेकीने आधी तोंड पाडलं. मग खिद्रापूरकाकांचा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला आणि खाली लिहिलं, "ओसाका, सातवीत." तिचा जिंताचाही हिशेब चालू आहे, तोवर तो तिथे किती वर्षांचा होईल याचा.

तांबडा-पांढरा दादा, तुमचं ऐकून पासपोर्ट काढले. आमचे ठीक आहेत. लेकीचा पाच वर्षांचा होता, तो मार्चात संपतोय. उद्या सकाळी तिचा अर्ज भरायला बसते.