मॉकमधल्या ७० मार्कांवरून वारंगा मिळेल का?

ताई, मुलीला क्लॅटच्या (राष्ट्रीय विधि विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेच्या) मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत ७० पडतात, तर नागपूरजवळच्या वारंग्याच्या एमएनएलयूत (महाराष्ट्र राष्ट्रीय विधि विद्यापीठात) नंबर लागेल का, असं तुम्ही विचारलंय. नुसत्या मार्कांवरून हे सांगता येत नाही, कारण पेपर सोपा गेला की सगळ्यांचेच मार्क वाढतात. ही परीक्षा घेणाऱ्या क्लॅट कन्सॉर्शियमच्या मागच्या वर्षांच्या अलॉटमेंट याद्या उघडा. एमएनएलयू नागपूर, तुमची कॅटेगरी, महाराष्ट्र डोमिसाइल, शेवटच्या फेरीत कितव्या रँकवर यादी थांबली ते बघा. मॉकमधली रँकही जपूनच धरा, प्रत्यक्ष परीक्षेला बसणारी मुलं कितीतरी जास्त असतात.

दुसरं, तिचे चुकलेले प्रश्न मोजा. १२० पैकी १०० सोडवले, ७२ बरोबर आले, तर २८ चुकांचे पाव-पाव करत ७ मार्क जातात अन् हातात ६५ उरतात. एवढ्यात रँक बरीच घसरते. म्हणून रोज दोन-तीन उतारे घड्याळ लावून सोडवायला सांगा, चुकलेल्या प्रश्नाचं उत्तर उताऱ्यात नेमकं कुठे होतं ते तिनेच शोधावं. हे क्लासवाले करून देत नाहीत.

राज्यातल्या लॉ कॉलेजांसाठीच्या एमएच-सीईटी लॉ परीक्षेचा फॉर्म मात्र नक्की भरा. तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही, आणि आपल्या नागपूर विद्यापीठाचं आंबेडकर विधि महाविद्यालय त्यातूनच मिळतं. ते कमी लेखू नका. डोमिसाइल अजून नसेल तर याच आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका.