एनव्हीडीएवर चालेल असं व्हिडिओ कन्व्हर्टर हवंय (नाटकाच्या जुन्या डीव्हीडी)

पायपेटीवाल्यांची लेक, शिवाजी पेठ

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बाबांच्या ११ डीव्हीडी आहेत. बाबा हौशी संगीत नाटकांना पायपेटीची साथ करायचे. २००६ ते २००९ चे प्रयोग आहेत, बहुतेक सगळे आपल्या कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहातले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं तेव्हा आमची अख्खी गल्ली जागी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाटातून डिस्कचा डबा बाहेर काढला. शाहू महाराजांच्या काळातली, १९१५ ची वास्तू एका रात्रीत जाते, मग या डिस्कचा काय भरवसा?

मला अजिबात दिसत नाही. विंडोज ११, स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा एनव्हीडीए प्रोग्रॅम आणि बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह आहे. १९०० रुपये भरून एक कन्व्हर्टर घेतला. टॅब दाबला की ‘बटण’, परत टॅब, परत ‘बटण’. एकालाही नाव नाही. एनव्हीडीएची कळ आणि आर दाबून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून वाचणं, तेही करून बघितलं, पण बटणांवर नुसती चित्रं, वाचायला शब्द नाहीतच. अंदाजाने दाबत गेले तर ४ सेकंदांची फाइल तयार झाली. पैसे परत मागायला तीन मेल केले, उत्तर नाही. व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल आर वापरून जमलं, पण एका वेळी डीव्हीडीवरची एकेकच व्हीओबी (व्हिडिओच्या तुकड्याची) फाइल होते आणि पद मधेच तुटतं.

दुकानात द्या, असं कृपया सांगू नका. मागच्या वर्षी दोन डिस्क दिल्या होत्या. परत आल्या त्यात सुरुवातीचं पेटीवादनच नाही. विचारलं तर म्हणाले, "ताई, पडदा बंद होता, नुसतं वाजत होतं, म्हणून काढून टाकलं." ते नुसतं वाजत होतं ते माझे बाबा होते. म्हणून हे काम मला माझ्या हातानेच करायचंय.

गडहिंग्लजचा रेडिओ

ताई, हँडब्रेक नावाचा कन्व्हर्टर घ्या. फुकट आहे. मीही एनव्हीडीएवरच वापरतो.

तुमची पदं तुटतात कारण डीव्हीडीवर एक प्रयोग १ जीबीच्या तुकड्यांत चिरलेला असतो. त्यामुळे फाइल उघडू नका, ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा अख्खा फोल्डर उघडा. हँडब्रेक तुकडे आपोआप जोडून एक टायटल दाखवतो. टायटलच्या यादीत बाण खाली दाबत जा, प्रत्येकाचा वेळ वाचला जातो. सव्वादोन तास ऐकू आलं की तो तुमचा प्रयोग, एखाद्या मिनिटाचं ऐकू आलं तर सोडून द्या. प्रीसेटमध्ये ‘फास्ट ५७६ पी २५’ घ्या, आपल्याकडच्या डीव्हीडीला तेच बरोबर. चॅप्टर पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत आहेत ना, हे एकदा ऐकून घ्या, म्हणजे सुरुवातीचं काही कापलं जाणार नाही. मग फाइलचं नाव द्या आणि ‘स्टार्ट एन्कोड’.

आणि त्याआधी प्रत्येक डिस्कमधला फोल्डर जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. आजच घ्या. घरी बर्न केलेल्या डिस्क कधी दगा देतील सांगता येत नाही.

मागच्या विंगेतला

मी डोळस आहे, केशवरावच्या रंगमंचावर बरीच वर्षं साउंडला होतो. तुमच्या बाबांच्या मागे मी कधीतरी उभा असेनच.

ठेवणीतली प्रत एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या कन्व्हर्टरने करा. त्यात बटणंच नाहीत, सगळं टाइप करायचं, म्हणून तुम्हाला सोयीचं. फाइलच्या फोल्डरमध्ये जाऊन ऑल्ट डी, मग सीएमडी आणि एंटर, की काळी खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते. व्हीओबीचे तुकडे आधी ‘कॉपी स्लॅश बी’ने जोडा, मधे अधिक चिन्ह टाकून. शेवटी शून्य असलेली फाइल मेनूची असते, ती घेऊ नका. मग आज्ञा अशी, ऐकून टाइप करता यावी म्हणून उच्चार लिहितोय: एफएफएमपेग, डॅश आय, जोडलेल्या फाइलचं नाव, डॅश व्हीएफ, याडिफ, डॅश सीआरएफ, १८, डॅश सी कोलन ए, कॉपी, शेवटी नवीन नाव डॉट एमकेव्ही. स्वल्पविराम आहे तिथे स्पेस.

याडिफ विसरू नका. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र एक सोडून एक ओळ असं घेतलेलं असतं. तसंच ठेवलं तर हात हलला की कडांना फणीसारखे दाते दिसतात. तुम्हाला ते कळणार नाही, पण बघणाऱ्याला पेटीवरची बोटं फाटलेली दिसतील. शेवटच्या ‘कॉपी’मुळे आवाजाला धक्का लागत नाही, डिस्कवर आहे तसाच उतरतो.

गडहिंग्लजचा रेडिओ

यात भर. एफएफएमपेग चालू असताना आकडे सारखे बदलतात आणि एनव्हीडीए बडबडत सुटतो. एनव्हीडीएची कळ आणि ५ दाबा, गप्प होतो. काम झालं की परत दाबून चालू करायचं. एनव्हीडीए सुरू करणारे दोघेही स्वतः अंध, त्यामुळे असल्या गरजा त्यांना सांगाव्या लागल्या नाहीत.

पायपेटीवाल्यांची लेक, शिवाजी पेठ

दोन्ही दादांचे मनापासून आभार. अकराच्या अकरा फोल्डर उतरवायला घेतले, दहा आले. तिसरी डिस्क दोन्ही पद्धतींनी केली, हँडब्रेकची फाइल भाचीला पाठवली आणि एमकेव्ही माझ्याकडे ठेवली. आज्ञा चौथ्यांदा बरोबर टाइप झाली. डॅशनंतर मी स्पेस देत होते, तेवढंच चुकत होतं.

रात्री हेडफोन लावून ऐकलं. तिसरी घंटा, कुणाचं तरी खोकणं, मग पायट्याची करकर. आमच्या पेटीचा डावा पायटा करकरायचा, बाबा त्यात मेण घालायचे तरी करकरायचा. मग सूर. बारा मिनिटं सलग, कुठे कापलेलं नाही. भाचीने फोनवर सांगितलं की आजोबा सगळा वेळ डोळे मिटून वाजवतायत. हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.

आता सातवी डिस्क राहिली. तिला चरा आहे, कॉपी करताना अर्ध्यात अडकते आणि विंडोज एरर देऊन सगळंच थांबवतं. वाचता येईल तेवढं वाचून पुढे जाणारं काही आहे का, ज्याची बटणं नावानिशी बोलतील?