टेलिंग लाईन सारखी एकाच जागी फुटतेय, काय करावं?

स्लरीवाला_गोंदिया:
नमस्कार मंडळी. मी एका कॉपर खाणीच्या कॉन्सन्ट्रेटरला (खनिज दळून तांबं वेगळं करणारा प्लांट) मेन्टेनन्समध्ये आहे. प्लांटपासून टेलिंग (तांबं काढून उरलेला रेतीचा गाळ) पाँडपर्यंत साधारण साडेतीन किमी लाईन, 250 मिमीची, अर्धी एमएस (साधं स्टील) अर्धी एचडीपीई (प्लास्टिक). गेल्या चार महिन्यांत तीनदा गळती झाली आणि तिन्ही वेळा नाल्याच्या अलीकडच्या खोलगट भागात, एमएसलाच. दरवेळी क्लॅम्प मारतो, पॅच वेल्ड करतो, पुढे चालू. साहेब म्हणतात पाइपच खराब लॉटचा आलाय, बदलून टाका. मला ते पटत नाहीये कारण हाच पाइप आधी सहा वर्षं नीट चालला. खाली शेतं आहेत म्हणून झोप उडालीय.

राखेतला_माणूस:
भाऊ मी थर्मलच्या अ‍ॅश हँडलिंगला 19 वर्षं काढली, राख काय टेलिंग काय, दुखणं एकच. आधी सांगा भोक पाइपाच्या तळाला पडतंय का? आणि फ्लो किती आहे, मध्ये काही कमी झालाय का?

स्लरीवाला_गोंदिया:
हो तळालाच. फ्लो पूर्वी 300 घनमीटर तासाला होता, एक मिल (खनिज दळायची चक्की) बंद आहे तेव्हापासून 190 च्या आसपास.

राखेतला_माणूस:
मग झालं की! 300 ला वेग सेकंदाला 1.7 मीटर पडत होता, 190 ला जेमतेम 1 च्या वर. एवढ्या कमी वेगात जाड रेती वर तरंगत नाही, तळाला बसते आणि घासत घासत सरकते. पाइप नवा टाकलात तरी तिथेच जाणार. एकतर पाणी वाढवून वेग वर आणा (पण ते पाणी पाँडला जातं, तिथली पातळी बघा), नाहीतर 200 ची लाईन टाका, 190 ला परत 1.7 च्या जवळ येईल, फक्त घर्षण वाढतं म्हणून पंपाचं हेड (किती दाबाने ढकलू शकतो ते) आधी तपासा. आणि तोवर थिकनेस गेज घेऊन दर महिन्याला तळ, बाजू, वर असं मोजा आणि पाइप फिरवा, आमच्याकडे 120 अंशात फिरवायचे, एका पाइपाची तीन आयुष्यं मिळतात. बेंडला मात्र कास्ट बेसाल्ट (वितळवून ओतलेला काळा दगड) लायनिंग, तिथे साधं एमएस टिकत नाही.

पीई_वेल्डर:
राखेवाल्या काकांशी सहमत. अजून एक विचारतो, लाइट गेली की काय करता? लाईन साफ पाण्याने फ्लश न करता पंप थांबला की सगळी रेती त्या खोलगटात जाऊन बसते आणि मग सुरू करताना जोर लावला की बूच बसलेल्या जागी दाब चढतो. तिथे एक ड्रेन व्हॉल्व्ह आणि खाली अस्तर लावलेला खड्डा हवाच, नाल्यात सोडायचं नाही. एचडीपीईचं म्हणाल तर उन्हात 30 डिग्रीचा फरक पडला की 100 मीटर पाइप अर्धा मीटर लांबतो, रात्री आखडतो, म्हणून पहाटे फ्लँज (बोल्टने आवळलेले जोड) गळतात. जिथे स्टीलला जोडलाय तिथे अँकर (पाइप जागेवर घट्ट धरणारा आधार) नीट आहे का बघा.

जमशेदपूरकर:
मी इकडे झारखंडला असतो म्हणून सांगतो, 2006 च्या डिसेंबरात जादूगोडाला युरेनियमच्या टेलिंगची लाईन फुटली होती, बातम्यांनुसार तब्बल नऊ तास गाळ ओढ्यात जात राहिला आणि कळवलं कोणी, तर गावकऱ्यांनी. पाइप फुटणारच कधीतरी, पण कळायला नऊ तास? दोन्ही टोकांना फ्लोमीटर लावा, फरक दिसला की पंप आपोआप बंद. आणि नाल्यावरच्या तुकड्याला बाहेरून मोठ्या पाइपाचं आवरण.

स्लरीवाला_गोंदिया:
अपडेट देतो. काल शटडाऊनला तो तुकडा कापला. मूळ जाडी 8 मिमी, वरच्या बाजूला 7.6 आणि तळाला 2 च्या खाली, आत खाली सरळ पन्हाळीसारखी घळ पडलीय. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, ते बराच वेळ बोटाने चाचपत होते. पाणी वाढवायला परवानगी मिळालीय, बाकीचे पाइप सोमवारपासून फिरवतोय. फ्लोमीटरचं बजेट अडकलंय. तोवर रात्रपाळीत दोघं जण लाईनवर चालवतोय, टॉर्च घेऊन. पीई_वेल्डर भाऊ, ड्रेनच्या खड्ड्यात किती लांबीचा माल मावेल असा धरायचा, चढाच्या दोन्ही बाजूंचा का?

पीई_वेल्डर:
हो, दोन्ही बाजूंचा, आणि वर पावसाचं पाणी धरून थोडा मोठाच. खड्डा कायम रिकामा ठेवायचा, ते मात्र कोणीच करत नाही.