मदत हवी आहे: कादंबरीचा निवेदक कोण असावा?

नमस्कार. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपाच्या पार्श्वभूमीवर मी कादंबरी लिहीत आहे. पहिली सहा प्रकरणे नऊ वर्षांच्या मुलीच्या तोंडून, प्रथमपुरुषी निवेदनात लिहून झाली आहेत. ढिगाऱ्याखालचा अंधार, धुळीचा वास, हाका मारता मारता थांबलेला आजीचा आवाज हे सारे तिच्या 'मी'मधून जितके जवळचे वाटते, तितके दुसऱ्या कोणत्याही रीतीने वाटत नाही.

अडचण सातव्या प्रकरणापाशी आली. वडील आणि चुलते यांच्यात जमिनीवरून जो व्यवहार होतो, तो मुलीला कळणे शक्य नाही; आणि तिने दाराआडून ऐकल्याचे मला पुन्हा पुन्हा दाखवायचे नाही, कारण ती पळवाट वाचकाला लगेच जाणवते. सर्वसाक्षी निवेदक घेतला तर व्यवहार उलगडतो, पण मुलीची भाषा हरवते. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन अशी अनेक पात्रे आपापली बाजू सांगतात. मात्र तिथली मूळ कथा वाचकाला आधीच ठाऊक असते, माझ्या कादंबरीतल्या घराची नसते.

सध्या मन आणखी एका पर्यायाकडे झुकते आहे: तीच मुलगी साठीत पोहोचल्यावर सारे आठवून सांगते. परंतु तिचे प्रौढ शहाणपण त्या पहाटेच्या भीतीवर पसरू नये, यासाठी क्रियापदांचा काळ, शब्दसंग्रह, वाक्यांची लांबी यांपैकी नेमके काय सांभाळावे? ज्यांनी अशी दोन वये एकाच निवेदनात पेलली आहेत, त्यांनी आपले अनुभव, विशेषतः फसलेले प्रयोग, कृपया सविस्तर लिहावेत.