न तळता केलेला फ्राइड आइस्क्रीम पाय: तुमचे अनुभव लिहा

ओसरी (प्लेनो, टेक्सास)

टेक्स-मेक्स (टेक्सासच्या वळणाचं मेक्सिकन जेवण) हॉटेलांत जेवणानंतर फ्राइड आइस्क्रीम मिळतं. आइस्क्रीमचा गोळा अगदी टणक गोठवायचा, कॉर्नफ्लेक्सचा चुरा आणि दालचिनीत घोळवायचा आणि कडकडीत तेलात दहा-पंधरा सेकंद बुडवून बाहेर काढायचा. वरून मध, क्रीम, चेरी. वाढदिवस असेल तर वेटरमंडळी डोक्यावर भलीमोठी सोंब्रेरो टोपी चढवून टाळ्या वाजवत हेच आणून ठेवतात. घरी पंधरा पाहुण्यांसाठी असे गोळे तळत बसणं कुणालाच परवडत नाही, म्हणून इथे बायका त्याचा पाय (बिस्किटांच्या तळावर थर लावून केलेला गोड पदार्थ) करतात. तेल नाही, ओव्हन नाही. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा ओव्हन न लावणं हाच निम्मा आनंद.

माझी पद्धत अशी. 9 इंची ताटलीला 200 ग्रॅम ग्रॅहम क्रॅकर्सचा (इथली गव्हाची गोडसर बिस्किटं) चुरा आणि 90 ग्रॅम वितळलेलं बटर एकत्र करून वाटीच्या बुडाने घट्ट दाबायचं आणि ताटली फ्रीझरमध्ये सरकवायची. मग जाड बुडाच्या कढईत 60 ग्रॅम बटर, तीन कप हाताने चुरलेले कॉर्नफ्लेक्स, पाव कपाहून थोडी जास्त साखर आणि दीड चमचा दालचिनी पूड. गॅस बारीक. सुरुवातीला सगळं लिबलिबीत दिसतं, बटर पिऊन कॉर्नफ्लेक्स मऊ पडतात आणि वाटतं, बिघडलं. ढवळत राहा. पाच-सात मिनिटांत ते हलके होतात, उलथण्याला लागून खळखळ वाजायला लागतात, कडा तांबूस होतात. तो आवाज आला की लगेच ताटात पसरायचं, कारण कढईत राहिले तर तिथल्याच उष्णतेने करपतात.

अर्धा चुरा तळाच्या थरावर, त्यावर मऊ केलेलं व्हॅनिला आइस्क्रीम (साधारण सव्वा लिटर), वर उरलेला चुरा, हलक्या हाताने दाबून. रात्रभर फ्रीझर. सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून कापायचं.

आता तुम्ही लिहा. बिस्किट कुठलं, आइस्क्रीम कुठलं, फ्रीझर कसला, कुणाला आवडलं, कुणी नाक मुरडलं. नुसतं ‘तोंपासु’ (तोंडाला पाणी सुटलं) लिहून पळू नका!

दुपारचा_चहा (पुणे)

ग्रॅहम क्रॅकर्स इथे मिळाले तरी त्यांची किंमत बघून मी ते परत शेल्फवर ठेवते. डायजेस्टिव्ह बिस्किटं उत्तम चालतात, त्यांचा किंचित खारटपणा वरच्या गोडाला आवरतो. मारी घेतलीत तर बटर वाढवावं लागतं, ती फार कोरडी. पार्ले-जी घेणाऱ्यांनी चुऱ्यात साखर जवळजवळ वगळावी. पिवळं मिठाचं बटर मी बिनदिक्कत वापरते, उलट चव खुलते.

पायची ताटली नव्हती म्हणून कुकरच्या पसरट भांड्याला आतून बटर पेपर लावला, त्याची दोन टोकं बाहेर ठेवली आणि गोठल्यावर अख्खा पाय टोकं धरून वर उचलला. सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाल्या, ‘‘दालचिनीऐवजी वेलची घालून बघ.’’ बघितलं. वेलची-जायफळाने त्याची चव थेट सणाच्या ताटातली होते. आमच्याकडे आता तोच प्रकार चालतो, मुलीचा निषेध नोंदवून.

जुनी_खोड (सांगली)

मुलींनो, एक सांगते. आमच्या पेठेत किराणा दुकानात ‘मक्याचे पोहे द्या’ म्हटलंत तर तो चिवड्याचे देईल. ते जाडे, कच्चे, पिवळेजर्द असतात आणि कडक तेलात पडल्याशिवाय फुलत नाहीत. बटरमध्ये कितीही परता, दाताखाली खडाच लागणार. या पायला दुधात घालून खायचे डब्यातले कॉर्नफ्लेक्सच हवेत, तेही साधे, मधाचे किंवा बदामाचे नकोत, कारण त्यांच्यावर आधीच साखर असते आणि ती कढईत आधी जळते.

बाकी मी दालचिनीची काडी घरीच भाजून कुटते. तयार पुडीला आमच्याकडे फार वास नसतो.

लेबलवाचक (ठाणे)

दुग्धपदार्थांच्या क्षेत्रात नोकरी केली आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

डबा घेताना पुढचं चित्र पाहू नका, बारीक अक्षरं वाचा. ‘आइस्क्रीम’ लिहिलं असेल तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे त्यात किमान 10 टक्के दुधाची स्निग्धता असावी लागते. ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलं असेल तर त्यात वनस्पती तेल किंवा वनस्पती चरबी असते. ते वाईट म्हणून सांगत नाही, पण पायमध्ये दोन्हींची वागणूक वेगळी. दुधाची स्निग्धता तोंडात स्वच्छ विरघळते, खाली बटरचा आणि वर बटरचाच थर असल्यामुळे चव एकसंध लागते. तेलाच्या प्रकारात मला टाळूला चिकटल्यासारखं वाटतं. ज्यांना वाटत नाही त्यांनी स्वस्तातलं खुशाल आणावं.

दुसरी गोष्ट हवा. आइस्क्रीम मापाने विकतात, लिटरमध्ये, आणि घोटताना त्यात हवा भरलेली असते. दोन कंपन्यांचे एकाच मापाचे डबे हातात तोलून पाहा, फरक लगेच कळतो. पायला जड डबा घ्या. हवा भरलेलं आइस्क्रीम थापताना बसतं आणि सव्वा लिटरचा थर बोटभरही उरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. आइस्क्रीम मऊ करायचं, वितळवायचं नाही. कारखान्यात ते वेगाने घोटत घोटत गोठवतात, त्यामुळे बर्फाचे कण जिभेला जाणवणार नाहीत इतके लहान राहतात. एकदा त्याचं दूध झालं की हवा निघून जाते आणि घरच्या फ्रीझरमध्ये ते सावकाश पुन्हा गोठताना मोठे खडे धरतात. म्हणून मायक्रोवेव्ह नको. डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वीस-तीस मिनिटं ठेवा. कालथा आत गेला पाहिजे पण डब्यात रस दिसता कामा नये, चक्क्याइतका घट्टपणा धरा. आणि चुरा पूर्ण गार असला पाहिजे. कोमट चुरा वरून घातला तर आइस्क्रीमचा वरचा पापुद्रा वितळतो, ते पाणी चुऱ्यात मुरतं आणि दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, ‘कुरकुरीत नाही झालं.’

कॉर्नफ्लेक्स बटरमध्ये परतायचे ते नुसते चवीसाठी नव्हेत. बटरचा थर ओल आत शिरू देत नाही. कोरडे कॉर्नफ्लेक्स टाकलेत तर एका रात्रीत चामट होतील.

कैरीपन्हं

लेबलवाचक, तुमची पोस्ट वहीत उतरवून घेतली. चक्क्याचं माप बेष्ट.

संत्रानगरीची (नागपूर)

आमच्याकडे मे महिन्यात हा प्रकार करायचा म्हणजे धाडस आहे जी. पारा पंचेचाळीसवर, स्वयंपाकघरात पंखा लावला तर चुरा उडते, नाही लावला तर आपण वितळतो. मी सगळं रात्री दहानंतर करते. ताटली, कालथा, अगदी आइस्क्रीम पसरायचा चमचासुद्धा आधी तासभर फ्रीझरमध्ये. थर लावला की दहा मिनिटं आत, मग पुढचा थर. एका दमात करायचं नाही.

एकदा पाय आत असताना दुपारभर लाईन गेली. संध्याकाळी पुन्हा गोठला तो वरून ठीक दिसत होता, पण कापल्यावर लेबलवाचक म्हणतात तसे खडे. मग सगळा बिस्किटांसकट मिक्सरमध्ये फिरवला, थोडं दूध घातलं आणि पोरांना ग्लासात दिला. त्यांनी पुढच्या वेळी पण ‘तोच शेक’ मागितला, आता बोला!

रुचकर_नास्तिक (मुंबई)

विरोधी मत नोंदवतो. मुंबईतल्या चायनीज हॉटेलांत फ्राइड आइस्क्रीम आणि दर्सान-आइस्क्रीम (मधात घोळवलेल्या तळलेल्या नूडल्स आणि आइस्क्रीम) खात वाढलेला माणूस आहे मी. त्यातली खरी गंमत म्हणजे बाहेरून गरम आणि आत गारठलेलं. तुमच्या पायमध्ये कुरकुरीतपणा आहे, दालचिनी आहे, पण गरम काहीच नाही. म्हणजे बायकोने केलेला पाय मी आवडीने खाल्ला, पण त्याला फ्राइड आइस्क्रीम म्हणायला जीभ धजत नाही.

यावर आमच्या घरी निघालेला तोडगा: वरचा चुरा पायवर घालायचाच नाही. बरणीत भरून ठेवायचा. पाय कापून बशीत आला की दोन मूठ चुरा तव्यावर मिनिटभर गरम करायचा आणि तुकड्यावर टाकायचा. चर्रर्र होत नाही, पण पहिल्या घासाला गरम-गार दोन्ही मिळतं. हे मात्र मला मान्य आहे. चुऱ्याची बरणी हवाबंद असेल तर आठवडाभर टिकते, आमच्याकडे टिकत नाही ते वेगळं, येता-जाता मूठ मारली जाते.

ओसरी

नास्तिक, हे भारी आहे! चर्चेचा मान राखून पुढच्या पॉटलकला (प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचं जेवण) अर्धा चुरा गरम करून नेणार.

म्हांबरेचे_शेजारी (पणजी)

आमच्या गोव्यात सेराडुरा असतंच. फेटलेलं क्रीम आणि कंडेन्स्ड मिल्क, मध्ये मारी बिस्किटांची अगदी पिठासारखी बारीक पूड, असे थरावर थर, काचेच्या ग्लासात. फ्रिजमध्ये गार करायचं, हवं तर फ्रीझरमध्ये टाकून अर्धवट गोठवायचं. हा पाय पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, सेराडुराच जरा पसरट केलाय. करून पाहिल्यावर फरक कळला. सेराडुरात बिस्किट क्रीम पिऊन मऊ व्हायलाच हवं, तेच त्याचं सुख. इथे उलट, मऊ पडलं की संपलं.

मी मधला मार्ग काढला. तळाला आणि मध्ये मारीची पूड, वर मात्र परतलेले कॉर्नफ्लेक्स. आमच्याकडच्या दमट हवेत ते कढईतून निघाले की गार होईपर्यंतच थोडे सादळतात, म्हणून ताट पंख्याखाली ठेवते आणि गार झाल्या झाल्या डब्यात बंद.

शाकाहारी_सावध (न्यू जर्सी)

अमेरिकेतल्या मंडळींसाठी दोन मुद्दे. एक, ‘फ्रेंच व्हॅनिला’चा डबा उचलताना थांबा, त्यात अंड्याचा बलक असतो. मराठी मंडळात अंडं न खाणारे बरेच असतात, तेव्हा साधं व्हॅनिला घ्या आणि घटक वाचून घ्या. वर सजावटीला मार्शमेलो घालायची काही जणांना हौस असते, त्यात जिलेटिन असतं.

दोन, दुकानात ॲल्युमिनियमच्या ताटलीत तयार ग्रॅहम क्रस्ट (पायचा बिस्किटांचा तळ) मिळतो तो फार उथळ असतो. 48 औंसांचा आइस्क्रीमचा डबा त्यात अख्खा मावत नाही. एकतर मोठ्या आकाराचा क्रस्ट शोधा किंवा दोन लहान पाय करा. मी दोनच करते, एक दालचिनीचा आणि एक इन्स्टंट कॉफीचा.

पावस_रोड (रत्नागिरी)

आंब्याशिवाय धागा संपवताय होय? हापूसचा रस व्हॅनिलात तसाच कालवू नका, त्यात पाणी भरपूर, गोठलं की कचकच लागते. रस कढईत आटवून निम्म्यावर आणायचा, पूर्ण गार करायचा आणि आइस्क्रीममध्ये कालथ्याने दोन-तीनदाच फिरवायचा, पट्टे राहिले पाहिजेत. आंब्याला दालचिनी मला नाही आवडत, केशर चालतं.

आणि वरून मधाऐवजी चॉकलेटचं कवच करून बघा. 100 ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवून त्यात एक मोठा चमचा खोबरेल. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं, त्यामुळे गार पायवर ओतलं की अर्ध्या मिनिटात टणक पापुद्रा धरतो. खायचं तेल घ्या हो, न्हाणीघरातली बाटली नको. मध फ्रीझरमध्ये चिवट होतो, दाढेला चिकटतो. तो घालायचाच तर पानात वाढताना घाला.

ओसरी

वा! खोबरेल आजच करते. कुणीतरी विचारलं होतं, दुसऱ्याच्या घरी नेताना काय करता? टेक्सासच्या उन्हात मी पाय झाकणाच्या डब्यात घालून थर्माकोलच्या पेटीत ठेवते, भोवती जेल पॅक. अर्धा तास सहज निघतो. पोचल्या पोचल्या यजमानीणबाईंच्या फ्रीझरमध्ये जागा आहे का, हे मात्र आदल्या दिवशी फोनवर विचारून ठेवते. जागा नसेल तर मी सरळ चिवडा नेते.

नवा_गडी (बेंगळुरू)

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय. आम्ही तिघं मित्र भाड्याने राहतो. फ्रिज एका दाराचा, वरच्या फ्रीझरमध्ये बर्फाचा थर जमतो आणि उंची जेमतेम चार बोटं. 9 इंची ताटली आत जातच नाही. जमेल का काही?

जुनी_खोड (सांगली)

जमेल की रे. ताटली सोड, स्टीलच्या वाट्या घे. प्रत्येक वाटीत दोन चमचे बिस्किटाचा चुरा दाब, एक थर आइस्क्रीम, वर कॉर्नफ्लेक्स. स्टील लवकर गार होतं आणि लहान वाटी पायपेक्षा कितीतरी लवकर गोठते, कापायची भानगड नाही. आदल्या दिवशी फ्रीझरमधला बर्फ काढून घे, सुरीने खरवडू नकोस, फ्रिज बंद करून आपोआप सुटू दे. मग बटण सगळ्यांत थंडवर. वाटीवर घट्ट झाकण किंवा फॉइल लाव, नाहीतर तुमच्या फ्रिजमधल्या कांद्याचा वास आइस्क्रीमला लागेल. तिघांना सहा वाट्या कर, एकेक पुरत नाही.

नवा_गडी (बेंगळुरू)

धन्यवाद काकू. वाट्या चारच आहेत, बाकी दोन चहाच्या कपांत करतो. शनिवारी फोटो टाकतो.